‘फॉरमॅट करू का?’ असे विचारले, तर आधी ‘नको’ म्हणा



गुलमंडीवरील एका कापड दुकानात काम करणाऱ्या भगिनीचे पत्र या आठवड्यात आमच्यासमोर आहे. नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे, म्हणून छापत नाही. पत्र दोन पानांचे आहे. त्यातला मुद्दा थोडक्यात असा. त्यांच्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्याआधी एका पावसाळ्यात, कामावरून आल्यावर रोज थोडा थोडा वेळ बसून या सुनेने सासूबाईंकडून जुन्या गोष्टी वदवून घेतल्या आणि मोबाइलमध्ये त्यांचा आवाज भरून ठेवला. १९७८ साली २७ जुलैला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा सासूबाई दोन लेकरांना घेऊन रात्री शेताशेताने निघाल्या, त्या थेट औरंगाबादेस आल्या. पुढे बांधकामावर विटा वाहून त्यांनी घर उभे केले. हे सगळे त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच बोलीत त्या कार्डात होते. आणि आता मोबाइल सांगतो आहे, ‘एसडी कार्ड खराब झाले आहे, फॉरमॅट करा.’

दुरुस्तीच्या दुकानात त्या गेल्या. दुकानातला मुलगा म्हणाला, “मावशी, कार्ड करप्ट झालंय. दोनशे रुपये द्या, फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखं चालेल.” त्यावर “घरी विचारून सांगते” म्हणून त्यांनी कार्ड परत घेतले आणि आम्हाला पत्र लिहिले. शेवटी प्रश्न आहे, “फॉरमॅट केल्यावर सासूबाईंचा आवाज त्यात राहील ना?”

ताई, राहणार नाही. तुम्ही कार्ड परत आणले, हे फार चांगले केले. तो मुलगा खोटे बोलला असे मात्र आम्ही म्हणणार नाही. फॉरमॅट केल्यावर कार्ड खरोखरच पुन्हा चालू लागले असते. त्याने कार्डाचा विचार केला, तुम्हाला हवा आहे तो कार्डातला ऐवज. दुकानात गेल्यावर आपल्याला यांतले काय हवे आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे लागते, कारण गिऱ्हाईक बहुधा ‘मोबाइल चालू करून द्या’ एवढेच म्हणते आणि दुकानदार तेवढेच करतो.

आता हे कार्ड म्हणजे काय ते पाहू. नखाएवढ्या त्या काळ्या तुकड्यात कोट्यवधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात थोडासा विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. कोणत्या कप्प्यात किती भार आहे, यावरून फोटो, आवाज, अक्षरे ओळखली जातात. वीज बंद झाली तरी हा भार जागच्या जागी राहतो, हीच त्यातली करामत. ही ‘फ्लॅश मेमरी’ तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. पुढे १९९९ साली तोशिबा, पॅनासॉनिक आणि सॅनडिस्क या कंपन्यांनी मिळून एसडी कार्ड आणले, आणि त्याचेच लहान भावंड आज आपल्या मोबाइलमध्ये बसते.

पण कोंडलेला भार कायमचा कोंडलेला राहत नाही. कप्प्याच्या भिंती प्रत्येक वेळी लिहिताना-पुसताना थोड्या थोड्या झिजतात. स्वस्त कार्डांत जागा वाचवण्यासाठी एकाच कप्प्यात भाराच्या आठ-आठ पातळ्या ठेवतात, त्यामुळे थोडी गळती झाली तरी वाचताना गफलत होते. कार्ड वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिले, तरी भार हळूहळू झिरपतो. अनित्य म्हणतात ते हेच, असे आमचे एक भन्तेजी हसत म्हणाले होते. तेव्हा लग्नाचे फोटो कार्डात घालून कार्ड पेटीत ठेवले म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या राहिले, असे कोणी समजू नये. असल्या कामासाठी ही वस्तू मुळी केलेलीच नाही.

मग कार्ड ‘खराब’ झाले, असे मोबाइल म्हणतो तेव्हा आत काय झालेले असते? नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयात ज्यांनी शिक्षण घेतले, त्यांना ग्रंथालयातील सूचीचे जुने लाकडी खण आठवत असतील. खणातल्या पुठ्ठ्याच्या कार्डावर पुस्तकाचे नाव आणि कपाटाचा क्रमांक. आता समजा, कोणी ते खण उलटेपालटे करून टाकले. पुस्तके कपाटात जशीच्या तशी आहेत, पण ग्रंथपाल म्हणेल, ‘सापडत नाही.’ मेमरी कार्डातही असेच एक सूचीपत्र असते. फोटो काढताना बॅटरी संपली, मोबाइल चालू असताना कार्ड ओढून काढले, की सूचीपत्र अर्धवट लिहिले जाते आणि मोबाइल हात वर करतो. पुष्कळ वेळा रोग एवढाच असतो.

आपण एखादा फोटो ‘डिलीट’ करतो तेव्हाही पुस्तक जळत नाही. सूचीतले त्याचे कार्ड काढले जाते आणि त्या फळीवर ‘जागा रिकामी’ अशी चिठ्ठी लागते. पुढचे पुस्तक आले की ते त्या फळीवर बसते आणि जुने तेव्हा खरोखर जाते. नेहमीचे झटपट फॉरमॅट म्हणजे सूचीचे सगळे खण एकदम रिकामे करणे. त्यानंतरही काही वेळा पुस्तके मिळतात. मात्र काही मोबाइल आणि कॅमेरे फॉरमॅट करताना कपाटेही खरोखर पुसून काढतात, आणि तसे झाले तर जगातला कोणताही तज्ज्ञ काही करू शकत नाही. आपल्या मोबाइलमध्ये कोणता प्रकार आहे हे आपल्याला माहीत नसते. म्हणून ‘फॉरमॅट’ला ‘नको’.

यावरून पहिला नियम आपोआप निघतो. गडबड लक्षात आली, त्या क्षणी त्या कार्डावर नवे काही लिहू द्यायचे नाही. एक फोटोसुद्धा काढायचा नाही. काही मोबाइलमध्ये व्हॉट्सॲपवर येणारे ‘सुप्रभात’ही कार्डात जाऊन बसतात, हे आपल्या ध्यानात येत नाही. मोबाइल पूर्ण बंद करावा, मग कार्ड काढावे, आणि कागदाच्या पुडीत गुंडाळून ठेवावे. ‘गेलेले फोटो परत आणा’ म्हणणारी ॲप्स मोबाइलमध्ये उतरवून घेऊ नयेत. ती ॲप्सच जागा व्यापतात, आणि बहुतेक वेळा गॅलरीतले छोटे पुसट फोटो दाखवून पैसे मागतात.

मात्र एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून काही मोबाइलमध्ये कार्ड ‘मोबाइलचीच अंतर्गत जागा’ म्हणून जोडण्याची सोय आली. तुम्ही पूर्वी कधी तसे केले असेल, तर कार्डातला मजकूर कुलूपबंद असतो आणि किल्ली त्या मोबाइलच्या पोटात असते. असे कार्ड दुसऱ्या यंत्रात घातले तर कोरे किंवा खराब दिसणारच. अशा वेळी तो जुना मोबाइल विकू नका, रीसेट करू नका, भांडेवालीला तर मुळीच देऊ नका.

आता दुसरी पायरी. कार्ड काढल्यावर त्याच्या मागच्या सोनेरी पट्ट्या मऊ, कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसा. गावाकडची धूळ, घाम, पिठाची गिरणी, वेल्डिंगचे दुकान, आपल्या लोकांचे मोबाइल कुठे कुठे फिरतात! नुसत्या मळाने कार्ड वाचले जात नाही, असेही होते. मग ते दुसऱ्या एखाद्या चांगल्या कार्ड रीडरमध्ये घालून संगणकाला जोडावे. कधी कधी कार्ड निर्दोष असते आणि रीडरच भंगार असतो. छोटे कार्ड ज्या मोठ्या सांगाड्यात बसवतात, त्या सांगाड्याच्या कडेला एक सरकती कळ असते. ती ‘लॉक’कडे सरकवली की संगणकाने त्यावर लिहू नये अशी सूचना मिळते. पण ही कळ म्हणजे दाराला लावलेली नुसती पाटी आहे. पाटी वाचून थांबायचे की नाही हे रीडरवर असते, आणि काही रीडर थांबत नाहीत. संगणकही विचारेल, ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का?’ तिथेही ‘नको’. ‘दुरुस्त करू का?’ म्हणाला, तरी ‘नको’. दुरुस्तीच्या नावाखाली तो मोडके सूचीपत्र आपल्या बुद्धीने पुन्हा लिहितो, आणि त्यात चुकून जे गळले ते गळले.

तिसरी पायरी खरी महत्त्वाची, आणि घाईत नेमकी तीच राहते. मरणपंथाला लागलेल्या कार्डावर शोधाशोध करायची नाही. आधी त्या संपूर्ण कार्डाची, कोऱ्या जागेसकट, एक जशीच्या तशी नक्कल संगणकावर एकाच मोठ्या फाइलमध्ये घ्यायची आणि पुढचे सारे प्रयोग त्या नकलेवर करायचे. याला ‘इमेज’ म्हणतात. रोग्याला दहा डॉक्टरांनी दहा वेळा दाबून पाहण्यापेक्षा एकदा एक्स-रे काढून तो सगळ्यांना दाखवावा, तसे हे आहे. यासाठी लिनक्सवर चालणारा ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्याची रीत शहाण्या माणसासारखी आहे. आधी जे भाग सहज वाचता येतात ते तो भराभर उचलून घेतो आणि अडणाऱ्या जागा मागे ठेवतो. सोपे सगळे पदरात पडल्यावर तो कठीण जागांकडे वळतो. कुठवर आलो याची नोंद तो वहीसारखी ठेवतो, म्हणून मध्येच वीज गेली, तरी दुसऱ्या दिवशी तिथून पुढे चालू करता येते. ज्याला हे येते त्याच्याकडूनच करून घ्या, कारण ‘कुठून’ आणि ‘कुठे’ हा क्रम उलटा टाकला तर संगणकावरचे दुसरेच काहीतरी कार्डावर चढते आणि सगळा खेळ संपतो. वस्तीत पॉलिटेक्निकला किंवा संगणकशास्त्राला जाणारी मुले-मुली आता पुष्कळ आहेत. त्यांना बोलवा, चहा पाजा, आणि घाई करू नका.

नक्कल हाती आल्यावर ‘फोटोरेक’ नावाचा दुसरा मोफत प्रोग्राम लावतात. ख्रिस्तोफ ग्रनिए या फ्रेंच माणसाने तो लिहिला. तो मोडलेल्या सूचीपत्राकडे ढुंकूनही पाहत नाही. सरळ एकेका कपाटाशी जातो आणि पुस्तकांची पहिली पाने पाहतो. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेल्या खुणेने होते. फोटोची खूण वेगळी, आवाजाची वेगळी, चित्रफितीची वेगळी. खूण दिसली की तो तिथून पुढचा मजकूर उचलतो. मिळालेल्या फाइली अर्थातच त्याच कार्डावर ठेवायच्या नाहीत. हे सांगायची गरज नसावी, पण सांगावे लागते.

या रीतीने फाइली मिळतात, पण नावे मिळत नाहीत. ‘आईचा वाढदिवस’ असे नाव दिले होते, ते सूचीपत्रात होते, ते गेले. हाती येतो तो आकड्यांची नावे असलेला शेकडो फोटोंचा ढीग. लहान फोटो बहुधा पूर्ण मिळतात. मोठी चित्रफीत मात्र कार्डावर तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली असली तर अर्धवट येते. जुन्या साध्या मोबाइलवरचा आवाज बऱ्याचदा एएमआर प्रकारात असतो, आणि तो लहान लहान घासांत साठवलेला असल्याने शेपूट तुटले तरी पुढचा भाग ऐकू येतो. नव्या मोबाइलच्या काही आवाजांची अंतर्गत सूची रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच मोबाइल बंद पडला तर फाइल असूनही वाजत नाही. ती दुरुस्त करायचे वेगळे प्रोग्राम आहेत, तेव्हा न वाजणारी फाइल लगेच टाकून देऊ नये.

हा ढीग पाहून मन खचते. अशा वेळी आम्हाला बाबासाहेबांच्या कागदपत्रांची हकीकत आठवते. महापरिनिर्वाणानंतर त्यांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे न्यायालयाच्या आणि शासनाच्या ताब्यात पेट्यांमध्ये पडून होती. दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवरील घरातले काही कागद १९६७ साली उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजून नष्ट झाले, हे त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. उरलेल्या पेट्या १९८१ साली महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाकडे आल्या. वसंत मून आणि त्यांचे सहकारी ती पाने घेऊन बसले. कुठे क्रम नाही, कुठे प्रकरणाचे नुसते शीर्षक आहे आणि पाने नाहीत, कुठे पाने आहेत आणि शीर्षक नाही. त्या ढिगातून जुळवून १९८७ साली ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’चा तिसरा खंड निघाला. अपूर्ण राहिलेला ‘क्रांती आणि प्रतिक्रांती’ आज आपण वाचतो, तो त्या जुळवणीमुळे. सूचीपत्र नसताना मजकुरावरून क्रम लावणे ते हेच. जे पावसात गेले, ते मात्र गेलेच, कारण त्याची दुसरी प्रत नव्हती.

पत्र लिहिणाऱ्या ताईंना आम्ही एवढे सगळे दूरध्वनीवर सांगितले. त्यांच्या भाच्याने, जो पॉलिटेक्निकमध्ये शिकतो, रात्रभर संगणक चालू ठेवून नक्कल घेतली. अकरा रेकॉर्डिंगपैकी नऊ मिळाली. त्यांतले एक मध्येच तुटते. एकात सासूबाई हसून ‘बंद कर गं ते आता’ म्हणतात, ते ताईंनी आम्हाला फोनवर ऐकवले. न मिळालेल्या दोनांपैकी एक १४ जानेवारी १९९४ चे होते. त्या दिवशी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लागले, तेव्हा सासूबाई कुठे होत्या, कोणाबरोबर होत्या, काय केले, हे त्यात होते. ताई, तुम्ही ते समोर बसून ऐकलेले आहे. आज रात्रीच वही घ्या आणि आठवते तेवढे, आठवते तसे लिहा. ‘माझ्या आठवणीवरून’ असे वर लिहा, तारीख घाला. लिहिणे जमत नसेल, तर बोला आणि भाच्याला लिहू द्या.

आता ज्या प्रकारात काहीच करता येत नाही, तोही सांगून टाकतो. रस्त्यावरच्या ढिगात, जत्रेत, कधी दुकानातही ‘१२८ जीबी’ लिहिलेले कार्ड नामांकित कार्डाच्या निम्म्या-पाव किमतीत मिळते. आत जागा असते आठ जीबी. पण कार्डातला कारभारी मोबाइलला खोटेच सांगतो की माझ्याकडे १२८ आहेत. पहिले आठ जीबी भरेपर्यंत सगळे छान चालते. नंतर येणारे फोटो तो ‘घेतले’ म्हणतो आणि फेकून देतो, किंवा जुन्यांवर चढवतो. नावे दिसतात, उघडले की काळे. असले कार्ड घेऊन लोक धावत येतात तेव्हा सांगताना जीभ जड होते, की दादा, ते फोटो कार्डात कधी उतरलेच नव्हते. ही फसवणूक गरिबाचीच होते, कारण शंभर रुपये वाचवणे त्यालाच भाग असते. नवे कार्ड घेतले की आधी संगणकावर ते काठोकाठ भरून, परत वाचून तपासावे. त्यासाठी ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि ‘एफ३’ हे मोफत प्रोग्राम आहेत. पावती घ्यावी. लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी घेतलेले कार्ड न तपासता फोटोग्राफरच्या हाती देऊ नये.

आणि कार्ड कोणत्याच रीडरला ओळखू येत नसेल, तर? मोबाइलचे छोटे कार्ड म्हणजे एकसंध काळा ठोकळा असतो. त्यातला कारभारी मेला तर वरचा काळा थर खरवडून, आतल्या तारांच्या टोकांना केसाएवढ्या तारा डाखून मजकूर काढावा लागतो. हे काम नाक्यावरचे नव्हे. त्याच्या खास प्रयोगशाळा असतात, खर्च हजारांत जातो आणि हमी कोणी देत नाही. पैसे द्यायचे की नाहीत ते घरात बसून ठरवावे. एका आवाजासाठी कोणी देतील, आणि त्यांना कोणी वेडे म्हणू नये. पण कर्ज काढून देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कार्ड जपून ठेवा, आज ना उद्या सवड होईल.

दुकानात कार्ड द्यायची वेळ आलीच, तर विचारा, ‘आधी पूर्ण इमेज घेणार का?’ हा शब्द ज्याला कळत नाही त्याच्याकडे देऊ नका. काही मिळाले नाही तर किती पैसे, हे आधी ठरवा, पावतीवर लिहून घ्या. आणि आपल्या घरातल्या बायका-मुलींचे फोटो त्या कार्डात असतात, हे विसरू नका. शक्य असेल तर तिथे बसून काम करून घ्या, कार्ड परत घ्या, आणि दुकानाच्या संगणकावरची नक्कल आपल्या डोळ्यांदेखत पुसायला सांगा. यात संकोच कशाचा? शिंप्याकडून आपण उरलेले कापड मागून घेतोच ना.

आवाज आणि फोटोंबरोबर आपल्या लोकांच्या कार्डांत आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे पुरावा. गावात मारहाण झाली, वस्तीवर हल्ला झाला, कोणी पाणी भरू दिले नाही, तर पोरे आता मोबाइल काढून चित्रण करतात. असे चित्रण असलेले कार्ड बिघडले, तर वर सांगितलेले घरगुती उद्योग करू नका. तिथे कार्ड स्वतःच साक्षीदार असते.

याची मोठी लढाई आपल्या शेजारच्या जालन्यातून उभी राहिली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्याच्या चित्रणावरून ठरवायचे होते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल असे ते प्रकरण. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ साली निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यात न्यायालयाने सांगितले, की मूळ यंत्र, म्हणजे ज्यात चित्रण झाले तो मोबाइल किंवा संगणक, त्याचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून कोर्टात दाखवू शकतो. नक्कल द्यायची असेल, तर मात्र सोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच, आणि ते द्यायला कोणी अधिकारी नकार देत असेल तर न्यायालयाकडून मागवता येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाइलचा ‘हॅश’ही लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमधले एक अक्षर बदलले, तरी ठसा बदलतो.

म्हणून, ताजी घटना असेल तर चित्रण झाल्या झाल्या, कार्ड ठीक असतानाच, एक प्रत घरच्या विश्वासू माणसाच्या संगणकावर ठेवा, पण मूळ फाइल कापू-छाटू नका, तिचे नाव बदलू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेले चित्रण दाबून लहान झालेले असते, ती मूळ प्रत नव्हे. पोलिसांनी कार्ड जप्त केले तर पंचनाम्यात त्याची कंपनी, आकार आणि हॅश लिहून घेण्याचा आग्रह धरा, आणि पंचनाम्याची प्रत मागा. वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा की मूळ कार्ड आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५-अ हे पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे कलम आहे, आणि त्यात या कायद्याखालील कामकाजाचे चित्रीकरण करावे, अशीही तरतूद आहे. ती वकिलाने मागावी लागते. न मागता क्वचितच मिळते.

आता राहिला प्रतींचा प्रश्न. बाबासाहेबांची अंत्ययात्रा १९५६ साली नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून चित्रित केली नसती, तर मुंबईतला तो जनसागर आज आपण कोणत्या पडद्यावर पाहिला असता? पुढे प्रती निघाल्या, म्हणून घराघरांत तो पोचला. त्याआधीच्या काळाकडे पाहिले, तर तथागतांचा धम्म कित्येक शतके लिहिलेला नव्हताच. भाणक भिक्खूंचे गट तो पाठ करत, एकाचे चुकले तर दुसरा सुधारी, आणि इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात तो लिहून काढला गेला. अनेक डोक्यांत ठेवल्याने तो टिकला.

आपल्या घरापुरते एवढे करा. महत्त्वाचा फोटो किंवा आवाज एका मोबाइलमध्ये, एका संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावी असलेल्या बहिणीकडे किंवा भावाकडे, अशी तीन ठिकाणी ठेवा. गुगलच्या जागेवर ठेवत असाल तर पासवर्ड घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत असू द्या. मालक गेला की कुलूप तसेच राहते, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. निवडक दहा-वीस फोटो कागदावर छापून घ्या आणि मागे पेन्सिलीने नावे लिहा. गाण्यांच्या कार्यक्रमाचे, गावच्या कलापथकाचे आवाज तुमच्याकडे असतील, तर ते पहिल्यांदा उतरवून घ्या. बाजारातली भीमगीते पुन्हा मिळतील, तुमच्या चुलत्याने ढोलकीवर म्हटलेले मिळणार नाही. आणि १४ एप्रिल व ६ डिसेंबर या दोन तारखांना, घरात सगळे जमलेले असतातच, तेव्हा एकदा कार्ड काढून प्रती नव्या करून ठेवा. सवय लागायला तारीख लागते.

ताईंच्या परवानगीने सासूबाईंच्या कथनातला काही भाग शब्दशः उतरवून येत्या अंकांतून याच पानावर देण्याचा विचार आहे. ज्यांच्याकडे १९७८ किंवा १९९४ च्या आठवणी अशा आवाजात भरलेल्या असतील, त्यांनी आम्हाला कळवावे. फक्त एक विनंती. कार्ड पाकिटात घालून टपालाने पाठवू नका. गेल्या वर्षी एक पाकीट आले, त्यावर टपालखात्याचा शिक्का नेमका कार्डावर बसला होता.